आकडीची वाट बघताना

माझं काम जरा उलटंच आहे. सगळं घरदार ज्याची आकडी टळो म्हणून हात जोडतं, त्याच्या उशाशी बसून मी ती कधी येते याची वाट बघते. मांडीवर शिशाच्या नळकांड्यात घातलेली सिरिंज, समोर भिंतीवर घड्याळ. वॉर्डातल्या नर्स मला घड्याळबाई म्हणतात. म्हणोत बापड्या. या कामात सेकंद तेवढे खरे, बाकी सगळ्या गप्पा.

सोपं करून सांगते. आकडी मेंदूच्या ज्या कोपऱ्यातून उठते, तिकडे रक्त धावतं. नेमकं तेव्हाच शिरेत आमचं किरणोत्सारी औषध सोडलं, तर ते रक्ताबरोबर तिथे जातं आणि चिकटून बसतं. मग आकडी ओसरू दे, माणसाला शुद्ध येऊ दे, पाणी पिऊ दे; तासाभराने खाली तळघरात नेऊन कॅमेऱ्याखाली झोपवला की ती जागा पडद्यावर उजळलेली दिसते. पण औषध वीसेक सेकंदांत गेलं पाहिजे. मिनिट उलटलं की आकडी मेंदूभर पसरते. आग कुठून लागली ते बघायचं असतं, आणि फोटो निघतो अख्खं गाव पेटल्यावरचा. त्यात औषध नाशवंत. सकाळी तयार केलं की चार तासांत वापरायचं, नाहीतर फेकायचं.

त्या आठवड्यात खाटेवर चोवीस वर्षांचा एक मुलगा होता. डोक्याला वायरी चिकटवलेल्या, वरून पट्टी गुंडाळलेली, छताला चित्रणाचा कॅमेरा. आई त्याला गुंड्या म्हणायची. पाच वर्षांचा असल्यापासून आकड्या. चार औषधं चालू, तरी आठवड्याला दोन ठरलेल्या. महिन्यापूर्वी जिन्यात आली, गडगडत खाली गेला, कपाळाला अकरा टाके पडले. मेंदूच्या डॉक्टरांनी आईला स्पष्ट सांगितलं होतं, की जागा सापडली तर ऑपरेशन करीन, नाही सापडली तर हात लावणार नाही. आणि पुढची आकडी जिन्यात येईल की भर रस्त्यात, ते कुणाच्या हातात नाही. म्हणून गोळ्या कमी करून त्याला दाखल केलेलं. खाट शुक्रवार दुपारपर्यंत. त्यापुढे गोळ्या कमी ठेवणं जिवावर बेतलं असतं.

बुधवारी सकाळी गुंड्या मला म्हणाला, "मावशी, मांजर उंदराच्या बिळाकडे बघतं ना, तशा बघताय तुम्ही माझ्याकडे."

"उंदीर बाहेर आला की उठेन. तोवर गप पडून राहा."

आईला ते आवडलं नाही. "असलं बोलू नका हो," म्हणाली. तिचं तरी काय चुकलं? एकोणीस वर्षं जी येऊ नये म्हणून जीव टांगणीला लावला, ती यावी म्हणून आम्ही चार माणसं टपून बसलो होतो.

सव्वाअकराला आली. मला कळायच्या आत आई खुर्चीतून उठली, पोराला डाव्या कुशीवर वळवलं, त्याचं तोंड भिंतीकडे केलं आणि स्वतः त्याच्यावर ओणवी झाली. इतक्या सफाईनं, की एरवी कौतुक केलं असतं. पण औषधाची नळी त्याच्या डाव्या हातात होती. उजव्या हाताच्या शिरा सुया टोचून टोचून कधीच कामातून गेल्या होत्या. आणि तो डावा हात आता त्याच्याच अंगाखाली.

"बाजूला व्हा!" मी ओरडले. तिला ऐकूच गेलं नाही. नर्सने तिला खांद्याला धरून ओढलं, आम्ही दोघींनी ते आचके देणारं अंग कसंबसं सरळ केलं. औषध गेलं तेव्हा बहात्तर सेकंद झाले होते. दुपारी चित्र आलं. सगळा मेंदू उजळलेला. कशाला काही अर्थ नाही.

मी वर येऊन तिला फैलावर घेतलं. "हातातोंडाशी आलेला घास घालवलात तुम्ही!"

ती व्हरांड्याच्या बाकावर बसली होती. "शाळेच्या पटांगणात पहिल्यांदा आली होती," ती म्हणाली. "मी न्यायला गेले तर पोरं गोल करून बघत उभी. मास्तरही. एकजण हसत होता. तेव्हापासून मी त्याचं तोंड फिरवते. कुणाला दिसू नये म्हणून. मी नाही हो हात नेत, हातच जातो."

मला वाईट वाटलं. पण वाईट वाटून सेकंद परत येत नाहीत, आणि ते मी तिला तोंडावर सांगितलंही. माझी जीभ अशीच आहे.

गुरुवारी डॉक्टरांनी आईला खोलीबाहेर बसवलं. बसते कसली! दाराला काचेची एक पट्टी होती, तिला नाक लावून उभी. अकरा वाजून दहा मिनिटांनी तिने धाडधाड दार वाजवलं.

"काय कटकट आहे!" नर्स म्हणाली. मीही मान फिरवली नाही. गुंड्या छताकडे बघत शांत पडला होता. मग त्याची मान वाकडी झाली, यंत्रावरच्या रेषा नाचायला लागल्या, मी सिरिंज उचलली, तोवर आई दार ढकलून आत.

"कधीची सुरू झालीये! आता काय सुई लावता?"

मी हात आवरला. चित्रण मागे नेऊन बघितलं. तिने दार वाजवलं तिथपासून मान फिरेपर्यंत एक्केचाळीस सेकंद. औषध शिशाच्या डब्यात गेलं. हातभर अंतरावर बसून आम्हाला जे दिसलं नाही, ते तिला दाराबाहेरून दिसलं होतं. बावीस वर्षांच्या नोकरीत मी इतकी खजील कधी झाले नव्हते.

"कसं ओळखलंत?" मी बाहेर येऊन विचारलं.

"अंगठा. आधी डावा अंगठा चादरीवर घासतो. मग नजर जाते. मग मान."

"मग डॉक्टरांना सांगितलं का नाहीत?"

"विचारलं कुणी?"

मी डॉक्टरांकडे गेले, आई आत हवी म्हणून हटून बसले. ते म्हणाले, बघा बुवा, उद्या शेवटचा दिवस आहे. मग मी तिच्याशेजारी बाकावर टेकले. "डोळे तुमचे, हात माझे. त्याला हात लावायचा नाही. सांभाळायला नर्स आहेच कठड्यापाशी, पडणार नाही तो. जमेल?"

तिने दाराच्या काचेकडे बघितलं. "मी समोर असताना त्याला धरलं नाही असं कधी झालं नाही हो," म्हणाली. मग म्हणाली, "जमवते."

शुक्रवारी आठला औषध तयार झालं. बाराला संपणार. आई खुर्चीत बसली, दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर वजन टाकलं. दहा वाजले. अकरा वाजले. साडेअकराला गुंड्या म्हणाला, "मावशी, उंदीर रजेवर गेला वाटतं." कुणी हसलं नाही.

बाराला बारा मिनिटं कमी असताना आई हळू आवाजात म्हणाली, "आली."

मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. औषध सोडलं, मागून सलाईन ढकललं. सात सेकंद. त्यानंतर त्याची नजर गेली, मग मान, मग सगळं अंग. खाट खडखडायला लागली. नर्सने कठड्याची उशी सावरली. आई खुर्चीत पुढेमागे झुलत होती, ओठ दाताखाली, डोळे त्याच्यावरच. "गुंड्या, गुंड्या," एवढंच. हात मांडीखालून निघाले नाहीत. दीड मिनिट चाललं ते.

आकडी थांबली, तो घोरायला लागला, तेव्हा तिने मला विचारलं, "आता उठू?"

औषध गेलं होतं, तिथेच तिचं काम संपलं होतं. त्यानंतर तिने त्याचा उजवा हात धरला असता तर काही म्हणजे काही बिघडलं नसतं. ते सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मी घड्याळ बघत होते.

"उठा," मी म्हणाले. तिला उठता येईना. हात बधिर झाले होते.

दीड वाजता तळघरात कॅमेरा त्याच्या डोक्याभोवती फिरला. अर्धा तास. तोवर तो चांगला शुद्धीवर आला होता. पडद्यावर चित्र उमटलं. सगळीकडे मंद आणि उजव्या कानाच्या वर, आतल्या बाजूला एकच ठिपका, लखलखीत. निकाल सांगणं डॉक्टरांचं काम. आम्ही तोंड उघडायचं नाही, असा नियमच आहे आणि मी तो कधी मोडलेला नाही. आई माझ्या मागे उभी राहून बघत होती.

"एवढंसं?" ती म्हणाली. "एवढ्याशानं एकोणीस वर्षं खाल्ली?"

आम्ही आत गेलो, मी त्याच्या कपाळावरचा पट्टा सोडला.

"आई, सकाळी धरलं होतंस ना?" त्याने विचारलं. त्याला आकडीतलं कधीच काही आठवत नसे.

"नाही रे," ती म्हणाली. "समोर बसून होते. हात नाही लावला."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "जमलं का मग?"

तिने माझ्याकडे बघितलं.

"जमलं," मी म्हणाले. "धरा आता त्याला."