बोअरला वाफारा

दिवा स्टेशनजवळच्या आमच्या इमारतीची बोअर सुमतीबाईंच्या हट्टाने मारली होती. ती आटली. सुमतीबाई सोसायटीच्या सेक्रेटरी, रविवारच्या सभेत त्यांना काढायचं, हे सर्वांनी प्रेमाने ठरवलं होतं.

तेवढ्यात त्यांचा भाचा सौमित्र सुट्टीवर आला. तो तेलविहिरींवर इंजिनीअर.

"आत्या, काही ठिकाणी तेल इतकं दाट असतं की दगडाच्या छिद्रांतून हलतच नाही. आम्ही वाफ सोडतो, मुरू देतो. तेल पातळ झालं की उपसतो."

"म्हणजे दगडाला वाफारा."

"तसंच समज."

"मग आमच्या बोअरला दे."

"अगं, पाणी पातळच असतं!"

सुमतीबाईंनी ऐकून घेतलं, म्हणजे पुढचा प्रश्न तयार केला. "करून दाखव बघू."

विटेचा तुकडा एरंडेलात भिजवून इडलीपात्रात, चाळणीवर ठेवला. खाली वाटी. वाफ भरली आणि वाटीत पाण्याबरोबर पिवळे थेंब पडू लागले. सुमतीबाई लहान मुलीसारख्या वाकून बघत होत्या.

वासाने समोरचे महिपतराव आले. सेक्रेटरीपदाचे उमेदवार. "आता कोरडी वीट लाव रे."

लावली. थोड्या वेळाने वाटीत पाणी.

"आयला, आलं की पाणी!"

"काका, ते भांड्यातलंच आहे. वाफेचं पाणी झालं."

"तुम्ही तेल काढता तेव्हा बघता काय, वाफेचं किती नि दगडातलं किती?"

"बघतो. त्याचाच पगार मिळतो."

महिपतरावांनी एवढं ऐकायच्या आत जिना गाठला होता. संध्याकाळपर्यंत दगडातून पाणी काढणारा भाचा सगळ्या मजल्यांवर पोहोचला. बोअरला बॉयलर बसवायचा ठराव महिपतरावांनीच लिहिला. श्रेय मिळणार असेल तर विरोधक किती कष्ट घेतो!

सभेत सुमतीबाईंना फक्त गप्प बसायचं होतं. बोअरची आशा होती तोवर पद राहणार होतं. त्यांनी सौमित्रकडे पाहिलं. तो चपलांकडे बघत होता.

"वाटीत आलं ते भांड्यात मीच ओतलेलं पाणी होतं," त्या उठून म्हणाल्या. "ओतलं त्याहून कमीच आलं. बोअर कोरडी आहे. वाफारा देऊन नसलेलं पाणी येत नाही."

मग तळमजल्यावरच्या गंगुबाई म्हणाल्या, "ते ऱ्हावदे. उद्यापासून टँकरवाल्याशी भांडणार कोण?"

सगळ्यांनी महिपतरावांकडे पाहिलं. त्यांनी पंख्याकडे पाहिलं.

सुमतीबाईंना काढण्याचा विषय एकमताने तहकूब झाला. त्यांचं मत कोणी विचारलं नाही.