नील्सनसाहेबांचं मित्रमंडळ

नृसिंह खासनीस यांना कोल्हापूर आवडत नसे. जन्म इथला, शाळा इथली, कॉलेज इथलं, नोकरीही इथलीच; पण आपण चुकून या गावात येऊन पडलो, अशी त्यांची पंचेचाळिशी उलटली तरी ठाम समजूत होती. इथं लोक मोठ्यानं बोलतात, मोठ्यानं हसतात आणि ओळख नसताना खांद्यावर हात टाकतात, असे गावाचे तीन गुन्हे ते बोटांवर मोजून दाखवत. स्वतः ते बेताचं बोलत, हसत नसत, आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकावा असं सहसा कुणाला वाटतही नसे.

त्र्याहत्तर साली ते जिल्ह्यातल्या एका नव्या दूध संघात प्रशासन अधिकारी होते. चेअरमन हंबीरराव. त्यांच्या शब्दाबाहेर दीडशे गावं जात नसत, पण इंग्रजी म्हणाल तर सहीपुरतं. दूध थंड करायची यंत्रं डेन्मार्कहून मागवली, तेव्हा ती बसवून द्यायला तिकडचा एक माणूस दीड वर्षासाठी येणार असं कळलं, आणि हंबीररावांनी तो खासनिसांच्या गळ्यात बांधला. "तुमास्नी इंग्रजी येतंय. सांभाळा पावण्याला," एवढंच ते म्हणाले.

खासनिसांना मात्र ते ओझं वाटलं नाही. करारात एक कलम होतं. संघातल्या एका माणसाला सहा महिने डेन्मार्कला शिकायला पाठवायचं, आणि तो माणूस कोण हे येणाऱ्या साहेबानं ठरवायचं. ते कलम खासनिसांनी चार वेळा वाचलं आणि आठवड्याच्या आत घरी, ऑफिसात, वाचनालयात सांगून टाकलं की बहुतेक आपल्यालाच जावं लागणार. 'जावं लागणार' हे शब्द ते अशा सुरात म्हणत की ऐकणाऱ्याला त्यांची कीव यावी.

मार्चच्या उन्हात नील्सनसाहेब उतरले. उंच, लालबुंद, पस्तिशीचा माणूस. हात मात्र पंज्यांसकट फार मोठे आणि खरखरीत. खासनिसांनी हस्तांदोलन केलं आणि साहेब टेनिस खेळत असणार, असं मनाशी ठरवून टाकलं. गोरा माणूस, त्यात इंजिनियर, त्यात विमानानं आलेला. तो मोठ्या घरचा नसेल, अशी शंका त्यांच्या मनाला शिवलीसुद्धा नाही.

पहिल्याच आठवड्यात साहेब म्हणाले, मला इथं कुणी ओळखत नाही, जरा लोकांशी ओळख करून द्या. खासनीस याचीच वाट बघत होते. ताराबाई पार्कातल्या साहेबांच्या बंगल्यावर त्यांनी दर रविवारी चहा सुरू केला आणि त्याला माणसं निवडून निवडून आणली. एक निवृत्त प्राचार्य होते, त्यांना शेक्सपियर पाठ होता आणि ते तो म्हणत. दोन वकील होते, ते एकमेकांचं इंग्रजी दुरुस्त करत. एक डॉक्टर होते, ते अकरा वर्षांपूर्वी इंग्लंडला वर्षभर राहून आले होते आणि तेव्हापासून रोज नव्यानं परत येत होते. या चौघांनी साहेबांना तिकडच्या बर्फाबद्दल विचारलं. पुढच्या रविवारी पुन्हा बर्फाबद्दल विचारलं. साहेबांनी काही विचारलं तर प्राचार्य म्हणत, इथं सांगण्यासारखं काय आहे. बिस्किटांच्या बशीसमोर साहेब गुडघे जवळ घेऊन बसत आणि खिडकीतून रस्त्यानं जाणाऱ्या म्हशींकडे बघत राहत.

मे महिन्यात एका संध्याकाळी साहेबांनी गंगावेशीत जीप थांबवायला सांगितली. तिथला दूधकट्टा भरला होता. गवळ्यांनी म्हशी रस्त्याच्या कडेला आणून उभ्या केल्या होत्या आणि धार थेट पेल्यात पडत होती. तालमीतली पोरं, वकील, हमाल, सगळे फेसाळ पेले उभ्याउभ्या तोंडाला लावत होते. पिराजी नावाच्या गवळ्यानं गोरा माणूस बघितला, हातातला भरलेला पेला घेऊन तो पुढं आला आणि म्हणाला, "साहेबास्नी म्हणावं, घ्या. आमच्या दारात आलाय, तसंच कसं जाशीला."

साहेबांनी खासनिसांकडे पाहिलं. हा काय म्हणतो? खासनिसांच्या अंगावर काटा आला. शेणात उभा असलेला माणूस, न धुतलेला पेला, न तापवलेलं दूध, आणि ते आपल्या साहेबांच्या ओठाला. त्यांनी इंग्रजीत सांगितलं, हा म्हणतो की तुमच्या यंत्रांनी आमचा धंदा बसणार, हे लोक तुमच्यावर रागावलेले आहेत, इथं थांबणं बरं नाही. मग पिराजीकडे वळून मराठीत सांगितलं, साहेबांना असलं चालत नाही, त्यांना वास येतो. पिराजीनं पेला खाली घेतला. दोन्हीकडचं काम एका दमात उरकल्यामुळे खासनिसांना त्या रात्री शांत झोप लागली.

त्यानंतर जीप गंगावेशीतून गेली की साहेब मान खाली घालत. जीप केरबा चालवायचा. त्याची शाळा चौथीत सुटली होती, पण माणूस कानाचा तिखट. साहेबांशेजारी बसून बसून त्याला इंग्रजी कळू लागलं होतं आणि साहेबांना थोडं मराठी. खासनीस मागच्या सीटवर बसत. ड्रायव्हरशी इतकं बोलू नये, असं त्यांनी साहेबांना दोनदा सुचवून पाहिलं. साहेबांनी ऐकलं नाही ते ऐकलंच नाही.

गणपती झाले आणि साहेब एक दिवस म्हणाले की दिवाळीनंतर मी परत जावं म्हणतो. यंत्रं चालू झाली आहेत, उरलेलं काम पत्रानं होईल. इथल्या लोकांना मी नको आहे, आणि रविवारच्या लोकांना मी कशाला हवा आहे तेच मला कळत नाही. साहेब वाळले होते, डोळ्यांखाली काळं आलं होतं. घरापासून इतक्या लांब आलेल्या माणसाला सहा महिन्यांत एक मित्र मिळू नये, याचं कुणालाही वाईट वाटलं असतं. खासनिसांना एवढंच वाटलं की जाण्यापूर्वी यांच्याकडून डेन्मार्कसाठी आपल्या नावाचं पत्र लिहून घेतलं पाहिजे.

दिवाळीच्या पाडव्याला ते फराळाचं ताट घेऊन बंगल्यावर गेले. ताट श्यामलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, सकाळपासून खपून भरलं होतं. बंगल्याला कुलूप होतं. माळी म्हणाला, साहेब केरबाबरोबर गंगावेशीत गेलेत, आज म्हशी पळवतात ना. खासनिसांनी ताट माळ्याच्या हातात दिलं आणि रिक्षा पकडली.

म्हशी पळवून झाल्या होत्या. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळाला मोरपिसं. पिराजीच्या गोठ्यापुढं शंभरेक माणसं जमली होती, आणि कधी नव्हे ते सगळी गप्प होती. खासनीस वाट काढत पुढं गेले. नील्सनसाहेब बाह्या सारून उकिडवे बसले होते, गुडघ्यांत चरवी धरली होती, डोकं म्हशीच्या कुशीला टेकलं होतं, आणि ते दोन्ही हातांनी धार काढत होते. धार एकदाही तुटत नव्हती. चरवी भरत आली तसा तिचा आवाज जड होत गेला. साहेबांचे ते हात कशानं तसे झाले, ते आता गंगावेशीतल्या पोराटोरांनाही कळलं होतं.

"आमच्यातलाच निघाला की गडी," पिराजी म्हणाला.

साहेब उठले. खासनिसांना बघून त्यांना आनंदच झाला. त्यांनी सांगितलं, या लोकांना सांगा, माझ्या बापाकडे अठरा गायी होत्या, शाळेला जाण्याआधी त्यातल्या सहा माझ्याकडे असायच्या. आणि हेही सांगा, की तुम्ही माझ्यावर रागावला आहात असं मला वाटत होतं, म्हणून मी इतके दिवस आलो नाही.

शंभर माणसं खासनिसांच्या तोंडाकडे बघत होती. ठेव्यासारखा जपलेला आपला साहेब गवळ्याचा पोर निघावा, या धक्क्यातून ते सावरले नव्हते, तोवर हे दुसरं. ते म्हणाले, "साहेब म्हणतात, त्यांच्या घरी गायी होत्या. आणि आपणा सर्वांना भेटून त्यांना फार आनंद झाला."

"त्ये न्हाई म्हणालं साहेब," केरबा मागून म्हणाला. तो शांतपणे बोलला. "साहेब म्हणालं, तुमी लोकं माझ्यावर रागावलाय आसं मला वाटलंतं, म्हणून आलो न्हाई."

पिराजीनं चरवी खाली ठेवली. उन्हाळ्यातली ती संध्याकाळ त्याला आठवली असावी. तो खासनिसांकडे वळला. मग इतकंच म्हणाला, "आमी कवा रागावलो, पावणं?"

चार पिढ्या याच गावात गेलेल्या माणसाला त्यानं पावणं म्हटलं, आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या संध्याकाळी पिराजी खरं काय म्हणाला होता, ते सगळं केरबानं साहेबांना सांगितलं, तोडक्या इंग्रजीत, हातवारे करून. साहेब रागावले नाहीत. ते रागावले असते तर खासनिसांना बरं वाटलं असतं. साहेबांनी फक्त त्यांच्याकडे पाठ केली, पिराजीनं दिलेला पेला घेतला आणि रिकामा करून दुसरा मागितला.

त्यानंतर परत जायचं नाव साहेबांनी काढलं नाही. रविवारचा चहा बंद पडला. साहेब रोज संध्याकाळी कट्ट्यावर दिसू लागले, लोक त्यांना निळूसाहेब म्हणू लागले, त्यांच्या खांद्यावर हात टाकू लागले, आणि शिव्याही घालू लागले. प्राचार्यांनी सांगितलं की त्यांना पहिल्यापासूनच त्या माणसाबद्दल शंका होती.

डिसेंबरात हंबीररावांनी डेन्मार्कला कोण जाणार ते विचारलं. साहेबांनी खासनिसांना समोर बसवून सगळं नीट समजावलं. तिकडे कॉलेज नाही, ऑफिस नाही. माझ्या भावाच्या गोठ्यावर राहायचं, चारला उठायचं, शेण काढायचं, धारा काढायच्या, मग दुपारी डेअरीत शिकायचं. इंग्रजी तुमच्याइतकं इथं कुणाला येत नाही, तेव्हा पहिला हक्क तुमचा. पिराजीच्या गोठ्यात या. एक शेर दूध काढून दाखवा, मी तुमचं नाव लिहितो. यात टोमणा नव्हता. पण अख्ख्या गावाला आपण परदेशी चाललो असं सांगून बसलेल्या माणसाला दुसरा रस्ताही नव्हता.

खासनीस गेले. गरम पँट घालून, बूट घालून गेले. हंबीरराव खुर्ची टाकून बसले होते, पिराजी होता, केरबा होता. पिराजीनं मनात काही ठेवलं नव्हतं. म्हैस त्यानं स्वतः गोंजारून पान्ह्यावर आणली, कास धुऊन दिली, आणि कुठं बसायचं, अंगठा कसा धरायचा ते दाखवलं. खासनीस खाली बसले. हात पुढं केला, मागं घेतला. मग त्यांनी खिशातून पांढरा रुमाल काढला, तो हाताला गुंडाळला आणि त्या हातानं सड धरला.

कुणी हसलं नाही. म्हशीनं एक पाय उचलला, जागच्या जागी ठेवला आणि दूध वर चढवून घेतलं. खासनीस ओढत राहिले, थेंब आला नाही. पिराजी पुढं झाला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या आता. मुकं जनावर हाय, पर हात कळतोय तिला."

खासनीस उठले. तिथंच, हंबीररावांसमोर, ते साहेबांना म्हणाले की हे काम मला शोभणारं नाही, मी माझं नाव मागं घेतो. साहेबांनी मान हलवली. मग केरबानं चपला काढल्या आणि तो म्हशीशी काहीतरी पुटपुटत खाली बसला.

घरी आल्यावर खासनिसांनी श्यामलाबाईंना सांगितलं की डेन्मार्कला आपणच नकार दिला. तिकडे नुसतं शेण काढायचं आहे, ते केरबासारख्यांनीच करावं. धार काढणं हे काही आपल्यासारख्यांचं काम आहे का, असंही त्यांनी विचारलं. श्यामलाबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"चंदगडला आमच्या दोन म्हशी होत्या," त्या म्हणाल्या. "लग्नाआधी सहा वर्षं मीच धारा काढत होते. दुसऱ्या कुणाच्या हाताला त्या पान्हवायच्याच नाहीत."

हे कधी बोलली नाहीस, असं खासनीस म्हणाले. आवाज चढवायचा त्यांचा विचार होता, पण तो चढला नाही.

"दिवाळसणाला आमच्याकडे आला होतात. गोठ्यावरून जाताना तुम्ही नाकाला रुमाल लावलात. त्या दिवशी मी आईला बजावलं, म्हशींचं मी करायची हे ह्यांना कळू देऊ नकोस. सतरा वर्षं झाली." त्यांनी निवडलेली भाजी ताटलीत सारली. "विचारलं असतंत तर आठ दिवसांत शिकवलं असतं."

मग त्या भाजी धुवायला मोरीकडे गेल्या.