मल्सूनने टाकलेलं पाकीट

कोरियातल्या आमच्या चुनछनला नोव्हेंबरात पाणी बोटांना चावतं. मागच्या अंगणात मी लोणच्याचा कोबी मिठात घालत होते, तेवढ्यात हे आरोग्य विम्याच्या कचेरीतून आले आणि बूट न काढताच पायरीवर टेकले.

"काय म्हणाले?"

"भरावंच लागणार. पेन्शन वाढून मर्यादेच्या वर गेली. आपल्या मुलाच्या, जेऊकच्या विम्यातून आपली नावं काढली. आता उत्पन्नावर आपला हप्ता आपणच भरायचा."

"माझी कुठे आहे पेन्शन?"

"नवऱ्याची वर गेली की बायकोही बाहेर."

ह्यांनी जन्मभर टपालखात्यात शिक्के मारले, महागाई वाढली म्हणून पेन्शन वाढली, आणि त्याचीच ही शिक्षा. मला राग यायला हवा होता, पण सकाळपासून कोबी धुऊन कंबर मोडली होती. रागालाही ताकद लागते.

हे म्हणाले, "शेजारच्या मल्सूनने केलं तसं करायचं? फक्त कागदावर घटस्फोट. तू परत मुलाच्या विम्यात जाशील. राहायचं इथेच."

हप्त्यापायी हा माणूस मला सोडायला निघाला, आणि तेही इतक्या सहज. ते मला फार लागलं.

"तिच्या नवऱ्याच्या मयताला गेला होतात ना?" मी विचारलं. "काय जेवलात?"

"रस्सा-भात. का गं?"

"तीही तेच जेवली. पाहुण्यांच्या पंगतीत बसून."

त्यांनीही पाहिलं होतं. मल्सूनच्या दिराने घटस्फोटाचा कागद पुढे केला आणि शोकगृहातल्या घरच्यांच्या नावांच्या फलकावरून तिचं नाव उतरवलं. मुलांची होती, सुनांची होती. तिला सुतकाचे काळे कपडेही दिले नाहीत. जन्मभर ज्याचं जेवण रांधलं, त्याच्या मयताला तिने परक्या बाईसारखं, पाहुणे देतात ते मदतीच्या पैशाचं पाकीट दारातल्या पेटीत टाकलं.

"मला नाही टाकायचं पाकीट," मी म्हटलं.

ह्यांनी बूट काढले, बाह्या सरसावल्या आणि माझ्याशेजारी बसून कोबी उलटायला लागले. नेहमीसारखे चुकीच्या बाजूने.

"हप्त्याच्या बिलावर कुणाचं नाव येतं?" मी विचारलं.

"दोघांचं. एकाखाली एक."

"मग भरा."