पूर्वेच्या ओवरीतले चार बुद्ध

यशोधरपुरात नवा राजा गादीवर आला आणि देवळांच्या भिंतींवरचे बुद्ध तासून टाकायचा हुकूम सुटला. पूर्वेच्या ओवरीचं काम मुकादम कन्धनकडे आलं. तिथं देखरेख करता करता त्याला म्हाताऱ्या पाऊचा संशय येऊ लागला. पाऊची छिन्नी दिवसभर वाजायची, पण पायाशी कपच्या मात्र मूठभरच पडायच्या.

दुपारी गडी भात-मासळी खायला पांगले, तसा कन्धन पाऊच्या कोपऱ्यात शिरला. त्यानं भिंतीवर नख ओढलं. ओला चुना निघाला आणि आतून मिटलेले डोळे दिसले. एक नाही, चार बुद्ध शाबूत होते.

मागे चाहूल लागली. पाऊ उभा होता.

"नुसतीच छिन्नी वाजवत होतास होय, काका?" कन्धननं विचारलं.

"माझ्या बापानं कोरलेत ते," पाऊ म्हणाला. "जा, सांग वर. त्यासाठीच तुला इथं नेमलाय, ठाऊक आहे मला."

"आणि माझी परीक्षा बघायला तुला ठेवला नसेल कशावरून?"

कन्धननं खरवडलेल्या जागी बोटानं चुना परत लिंपला आणि संध्याकाळी कारभाऱ्याला कोपरा पुरा झाल्याचं कळवलं.

बुद्ध वाचले. पण त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांच्या हातचं पान खाल्लं नाही. एक जण कारभाऱ्याशी बोलताना दिसला, की दुसऱ्याचा हात कामावर थबकायचा.