राखीव खेळाडूंचा बाक

मित्रांनो, बसा, पण जरा बेताने. माझा मागचा डावा पाय आखूड आहे. मी हॉकीच्या मैदानाकडेचा एक जुना बाक. सुताराने मला घडवले तेव्हा मी इतका लांब होतो, की एका टोकाला निघालेली अफवा दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत मध्यंतर व्हायचे. खोटे वाटत असेल तर सुताराला विचारा. तो आता हयात नाही, ही माझी सोय.

दर चार वर्षांनी आमच्या मैदानावर देशोदेशीच्या पुरुष संघांची चषकासाठी स्पर्धा भरायची. पहिल्या खेपेला सहा संघ आले, पुढे बारा झाले. गवतावरच्या त्या हॉकीत नियम कडक होता: सामना सुरू झाला की खेळाडू बदलायचा नाही. कुणाचा गुडघा फुटला तर उरलेल्या दहांनी निभावायचे. राखीव खेळाडू बूट चकचकीत करून यायचे, माझ्यावर बसायचे आणि तेच कोरे बूट घेऊन घरी जायचे.

यजमान संघाचा राखीव गोलरक्षक असाच दोन स्पर्धा बसून राहिला. सगळे त्याला दादा म्हणत. प्रत्येक सामन्याला तो पायांचे जाड पॅड आवळून बांधायचा. संघातली पोरे चिडवायची, "दादा, एवढं नटून कुठं निघालात?"

"बोलावणं आलं तर धावपळ नको," तो म्हणायचा.

तिसऱ्या स्पर्धेला नियम बदलला. आता दोन खेळाडू बदलता येणार होते. दादा चाळिशीला टेकलेला. ही त्याची अखेरची स्पर्धा. अंतिम सामन्याच्या दिवशी तो शेजारच्याला म्हणाला, "बायकोला सांगून आलोय, रेडिओ बंद करू नकोस. एक मिनिट का होईना, माझं नाव येईल."

तेवढ्यात व्यवस्थापक माझ्या दुसऱ्या टोकावर कागद ठेवून खेळाडूंची यादी लिहू लागला. इतक्या वर्षांची सवय! अकरा नावे झाली आणि त्याने खाली सरळ रेघ मारली. राखीव खेळाडूंच्या ओळी कोऱ्याच राहिल्या. ती रेघ माझ्या लाकडात उमटली. मला कळले, पण बाकाला तोंड कुठे असते? कागद अधिकाऱ्यांच्या टेबलावर गेला.

एक-एक बरोबरी, पाच मिनिटे बाकी, आणि समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर. त्या गडबडीत आमच्या गोलरक्षकाच्या तोंडावर चेंडू बसला आणि तो कोसळला. दादा उठला. त्याचे वजन अंगावरून गेले तेव्हा मला केवढे हलके वाटले म्हणून सांगू!

टेबलावरच्या अधिकाऱ्याने यादीवरून बोट खाली नेले, पुन्हा वर नेले. "तुमचं नाव नाही यात."

"अहो, कधीपासून इथंच बसतोय मी!"

"बसत असाल. लिहिलेलं नाही."

व्यवस्थापकाने कपाळावर हात मारून घेतला. "दादा, माझं चुकलं हो..."

"राहू द्या. वेळ जातोय." दादाने खाली बसून स्वतःचे पॅड सोडले आणि बचावफळीतल्या फुलबॅकच्या पायांना बांधले. "आडवा पडू नकोस. शेवटपर्यंत उभा राहा, चेंडू बघ."

पेनल्टी कॉर्नर पुन्हा घेतला गेला, फुलबॅक उभा राहिला. चेंडू पॅडवर आदळून परत गेला. अखेरच्या मिनिटाला आम्ही गोल केला आणि सगळे मैदानाच्या मध्यभागी नाचत सुटले. दादा एकटाच माझ्यावर येऊन बसला. टाळ्या वाजवल्या. मग हळूच पुटपुटला, "आता बंद केला असेल तिने."

तो पुन्हा कधी आला नाही. पुढे गवत गेले, कृत्रिम हिरवळ आली. आता खेळाडू दर दोन मिनिटांनी आत-बाहेर करतात. फळी उबदार होईपर्यंत कुणी टेकत नाही. मग प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मी या गोदामामागे. सोबतीला एक फुटका पाण्याचा पाइप, तोही मुका.

मित्रांनो, मला रंग लावा, न लावा. पण तुमच्या हाती कधी संघाची यादी आली, तर शेवटची रेघ मारण्याआधी मान वर करा आणि मोठ्याने विचारा, "कुणी राहिलं का?"

इतक्या स्पर्धा पाहिल्या मी, पण तेवढे एक वाक्य ऐकायचे राहून गेले.