माझ्याच पडद्यावर माझी सवत

मी एक जुना डेस्कटॉप संगणक आहे, आणि ज्या वर्षाची ही गोष्ट आहे ते दोन हजार बारा साल होते. मित्रांनो, त्या वर्षी मी इतका जळलो, इतका जळलो, की दुकानातल्या माणसांना वाटायचे माझा पंखा बिघडला आहे. पंखा ठणठणीत होता. मी जळत होतो मत्सराने. आणि तेही कोणाच्या? जो अजून जन्मालाच आला नव्हता, त्याच्या!

पण आधी माझ्याविषयी सांगतो. माझा जन्म चकचकीत कारखान्यात झाला नाही. एका दुरुस्तीवाल्याने आपल्या मागच्या खोलीत मला जोडले. डबा एका कंपनीचा, पंखा दुसरीचा, कीबोर्ड तिसरीचाच. मॉनिटरचे पोट एवढे सुटलेले, की मला ठेवण्यासाठी टेबल भिंतीपासून हातभर पुढे ओढावे लागले. मला आणले ते पाट्यांच्या दुकानात. दादा तिथे दुकानांच्या पाट्या ब्रशने रंगवत असत. मग लोक स्टिकरची, कापून चिकटवलेली अक्षरे मागू लागले. ती कापणारे यंत्र आले आणि त्या यंत्राला हुकूम सोडायला मी आलो.

दादांनी माऊस दोन दिवस हातात धरून पाहिला. "माझ्या हाताला ब्रशची सवय. हे दाबलं की भलतीकडंच पळतं," म्हणाले आणि शिडी उचलून पाट्या लावायला निघून गेले. मग वरच्या मजल्यावरून हात पुसत पुसत वहिनी खाली आली. ती दादांची बायको, पण सगळा रस्ता तिला वहिनीच म्हणायचा. ती खुर्चीवर अगदी कडेला बसली आणि मला म्हणाली, "अहो, सुरू व्हा ना." मला आयुष्यात कोणी 'अहो' म्हटले ते तेवढेच. महिन्याभरात मी 'अरे ए' झालो. पण तोवर आमचे सूत जुळले होते.

त्या दुकानाची एक रीत होती. दादांच्या ब्रशच्या दिवसांपासूनची. पाटीचा नमुना कागदावर काढायचा, तो शटरवर चिकटवायचा आणि रस्ता ओलांडून पलीकडे जायचे. पलीकडे घड्याळजीचे दुकान होते. त्याच्या पायरीवर उभे राहायचे, डोळे बारीक करायचे आणि बघायचे. "पाटी वाचणारा माणूस लांब असतो, घाईत असतो आणि दुसराच काही विचार करत असतो," असे दादा म्हणत. वहिनी पायरीवर जाऊन उभी राहिली की घड्याळजी डोळ्यावरचे भिंग न काढताच म्हणायचा, "या, पायरी मोकळी आहे. भाडं अजून सुरू केलेलं नाही."

मग वहिनी परत यायची, माझ्यासमोर बसायची आणि दोन अक्षरांमध्ये केसभर जागा वाढवायची. पुन्हा कागद, पुन्हा शटर, पुन्हा पायरी. कधी कधी चार चार खेपा. त्या रस्त्यावरची जवळजवळ प्रत्येक पाटी माझ्या पोटातून जन्मली. लोक म्हणत, "वहिनीची पाटी वळणावरून वाचता येते." ते ऐकून माझी छाती फुगायची. आठवड्यातून एकदा वहिनी दादांचा जुना, केस मऊ पडलेला ब्रश घ्यायची आणि माझी धूळ झटकायची. कीबोर्डच्या फटीफटीतून तो ब्रश फिरला की मला गुदगुल्या होत.

असे आमचे छान चालले होते. मग दादांच्या धाकट्या भावाला नाद लागला.

त्याला सगळे बातमीदार म्हणत. कारण तो बातम्या सांगायचा, पण झालेल्या नाही, होणार असलेल्या. कोणती कंपनी काय आणणार, कसे दिसणार, कधी येणार. वहिनी म्हणायची, "याला उद्याचं सगळं ठाऊक असतं. आज दुकान कोण झाडणार, तेवढं सोडून."

त्या वर्षी एक नवा डेस्कटॉप येणार अशी वदंता होती. बातमीदार रोज दुपारी वहिनीला खुर्चीवरून उठवायचा आणि त्या बातम्या वाचायचा. कुठे वाचायचा? माझ्यावर! मित्रांनो, जरा विचार करा. येणाऱ्या सवतीचे फोटो घरातल्या बाईलाच भिंतीवर टांगायला लावावेत, तसे हे झाले. ताटासारखा पातळ पडदा. खाली डबाच नाही, सगळे पोट पडद्याच्या पाठीत लपवलेले. वायरी नाहीत. सीडीचा कप्पाही नाही. तो कप्पा म्हणजे माझी ऐट होती. बटण दाबले की मी तो ऐटीत पुढे करायचो, आणि हा येणारा म्हणे त्याच्याशिवायच येणार होता. त्यातून ती चित्रे खरी नव्हतीच. कोणीतरी मनाने काढलेली. एका आठवड्यात तो पांढरा असायचा, दुसऱ्या आठवड्यात काळा, तिसऱ्यात त्याच्या कडेला निळा दिवा. आणि तो प्रत्येक निळा दिवा मलाच ठिपक्या ठिपक्याने रंगवावा लागत होता.

खऱ्या शत्रूशी माणूस बरोबरी तरी करू शकतो. जो दर आठवड्याला रूप बदलतो आणि दर आठवड्याला आधीपेक्षा देखणा होतो, त्याच्याशी काय करणार? एकदा चिडून मी त्याचे चित्र अर्ध्यातच अडकवून ठेवले. बातमीदार ओरडला, "बघ वहिनी, याच्यानं आता साधं चित्रसुद्धा उघडत नाही!" म्हणजे माझाच पाय आणखी खोलात.

त्याच सुमारास माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट येऊ लागली. या संगणकाला यापुढे नवीन अपडेट मिळणार नाहीत, असे तिच्यात लिहिलेले असायचे. वहिनी ती मुकाट्याने बंद करायची. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर.

वहिनी धूळ झटकायला ब्रश घेऊन आली की बातमीदार म्हणायचा, "कशाला पुसतेस त्याला? नवा घ्यायचा ठरलाय. महिन्याभरात हा जाणारच आहे." पहिल्यांदा तिने ऐकले नाही. मग हळूहळू तिनेही ते सोडून दिले. माझ्या पंख्यावर धुळीचा थर बसला आणि मी घरघरू लागलो.

एका दुपारी बातमीदार उत्साहाने म्हणाला, "वहिनी, नव्यात अक्षरं आपोआप बसतात म्हणे! अंतर-बिंतर सगळं तोच बघतो. तुला उन्हातान्हात त्या पायरीवर उभं राहायला नको."

"मग मी काय करू?" वहिनीने हसत विचारले.

"तू आराम कर की!"

तो प्रेमानेच बोलला होता. पण वहिनीचा हात माऊसवर होता, आणि तो हात गार पडला हे फक्त मला कळले. आठ वर्षे ती त्या खुर्चीवर बसली होती. दुकानात तिची अशी तेवढीच एक जागा होती. येणारा नुसता माझ्या जागी येत नव्हता, तो तिच्याही जागी येत होता. तेव्हापासून आम्ही दोघेही जळू लागलो. फरक एवढाच की माझा आवाज यायचा, तिचा येत नव्हता.

अशात डॉक्टरीणबाईंनी आपला दवाखाना आमच्या रस्त्यावर आणला. आमच्याच रांगेत, दोन दारे सोडून. त्या घाईघाईने आल्या आणि म्हणाल्या, "पाटी तेवढी लवकर द्या हो. लोक मला शोधत फिरतात. तापलेलं पोर कडेवर घेऊन असं फिरणं बरं नाही."

"बाई, आठवडाभर थांबा," बातमीदार म्हणाला. "नवीन मशीन येतंय. अशी पाटी देतो, की लोक बघतच राहतील."

"लोकांनी बघत राहायला नको. आत यायला हवं," बाई म्हणाल्या आणि पुठ्ठ्यावर खडूने नाव लिहून तो दाराला टांगून काम करू लागल्या.

तो आठवडा रबरासारखा ताणत गेला. आज येणार, उद्या येणार, रंग बदलणार म्हणून लांबला. मी आतल्या आत ओरडत होतो, "अरे, मी आज देतो पाटी! आत्ता देतो!" आणि एका दुपारी, बातमीदार बाहेर गेलेला असताना, वहिनी खरेच बसली. पांढऱ्यावर गडद निळी, जाड, मोकळी मोकळी अक्षरे. नमुना तयार झाला. तिने तो माझ्यात ठेवला, पण कागदावर काढला नाही. "असू दे. कोण विचारतंय," एवढेच स्वतःशी म्हणाली.

शेवटी तो आला. मित्रांनो, काय सांगू! त्या चित्रांपैकी एकाही चित्रासारखा तो नव्हता. ताटाएवढा पातळ नव्हता, निळा दिवा नव्हता, वायरही चांगली जाडजूड होती. मला क्षणभर आनंद झाला. मग तो सुरू झाला. त्याचा पडदा उजळला आणि माझा आनंद तिथेच मावळला. इतका स्वच्छ उजेड मी जन्मात कधी दिला नव्हता.

मला उचलून दाराजवळच्या फळीवर ठेवले. मॉनिटरचे तोंड रस्त्याकडे आणि डोक्यावर एक फडके.

बातमीदाराने दवाखान्याची पाटी नव्यावर केली. दुधी रंगावर सोनेरी, नाजूक, दोऱ्यासारखी अक्षरे. पडद्यावर ती अशी झळकली की दादासुद्धा "वा!" म्हणाले. "कागद लावून बघायचं का?" त्यांनी विचारले.

"कशाला दादा? जसं इथं दिसतंय तसंच बाहेर दिसणार. ते जुन्या मशीनसाठी होतं."

दादांनी वहिनीकडे पाहिले. वहिनी कापलेल्या अक्षरांभोवतीचा जास्तीचा स्टिकर सोलत बसली होती. ती सोलतच राहिली. पाटी लागली. जवळून जो तो म्हणाला, किती सुंदर! मी फडक्याखाली धुमसत राहिलो.

दोन-चार दिवसांनी घड्याळजी रस्ता ओलांडून आमच्याकडे आला. तो दुकान सोडून सहसा हलत नसे.

"एक सांगा," तो दादांना म्हणाला, "मी घड्याळं दुरुस्त करू, का पत्ते सांगत बसू? सकाळपासून तिसरा माणूस. आत्ता एक बाप आला होता, खांद्यावर पोरगी, अंग असं फणफणलेलं. माझ्या पायरीवर उभा राहून मलाच विचारतो, डॉक्टरीणबाईंचा दवाखाना कुठं? दवाखाना त्याच्या नाकासमोर! ऊन पडलं की तुमची ती पाटी नुसती चकाकते. अक्षर एक दिसत नाही. तो दोनदा इथून पुढं जाऊन परत आला होता म्हणे."

मित्रांनो, खरे सांगतो, ती पोरगी आधी माझ्या मनात आलीच नाही. मला वाटले, जिंकलो! आता वहिनी येणार, फडके काढणार, मला टेबलावर नेणार.

आणि वहिनी आली. तिने फडके काढले, वायर जोडली, बटण दाबले. मी धापा टाकत सुरू झालो. तिने तो निळ्या अक्षरांचा नमुना उघडला. मग खिशातून पेन ड्राइव्ह काढला, नमुना त्यात घेतला, आणि मला तसेच चालू सोडून नव्यापुढे जाऊन बसली.

नव्यापुढे! माझ्या पोटात वाढलेले काम तिने त्याच्या हवाली केले. त्या क्षणाइतका मी कधीच जळलो नाही.

"वहिनी, रागावू नकोस," बातमीदार पडेल आवाजात म्हणाला. "मला वाटलं, पडद्यावर इतकं छान दिसतंय..."

"पडद्यावर माणसं चालतात का रे?" वहिनी म्हणाली. आणि पुढे म्हणाली, "त्या मशीनचा काही दोष नाही. ते खोटं बोललं नाही. आपण रस्ता ओलांडला नाही. तू ओलांडला नाहीस कारण तुला गरज वाटली नाही. मी ओलांडला नाही कारण मला कुणी विचारलं नाही. रुसून बसले मी. एवढी मोठी बाई, एका यंत्रावर रुसले. आणि ते पोर उन्हात फिरलं."

तिने नमुना कागदावर काढला, शटरवर चिकटवला आणि बातमीदाराला म्हणाली, "चल."

"मी?"

"मग कोण? आता हे मशीन तू चालवणार. पायरीची ओळख तुलाच हवी."

दारातून मी सगळे पाहत होतो. दोघे पायरीवर उभे राहिले. बातमीदाराने डोळे बारीक केले, मान वाकडी केली, पुन्हा सरळ केली. घड्याळजी म्हणाला, "आता दोघं दोघं? मग मात्र भाडं लागेल." वहिनी इतकी हसली, की मला इथपर्यंत ऐकू आले. तशी ती माझ्यासमोर बसून कधी हसली नव्हती, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवले. वळणावरून वाचता येणारी पाटी माझी कधी नव्हती. ती तिच्या त्या बारीक केलेल्या डोळ्यांची होती.

संध्याकाळपर्यंत नवी पाटी लागली. त्या पोरीचा ताप उतरला, असे डॉक्टरीणबाई स्वतः सांगून गेल्या.

त्याला आता बरीच वर्षे झाली. घड्याळजीने दुकान बंद केले आणि तो मुलीकडे राहायला गेला. पायरी मात्र तशीच आहे. दादांचे गुडघे शिडी चढू देत नाहीत, ते खाली उभे राहून "डावीकडं, अजून डावीकडं" सांगतात. डॉक्टरीणबाईंनी दवाखाना वाढवला, पण पाटी बदलू दिली नाही. बातमीदार दुकानाचा मालक झाला. कामाला येणाऱ्या प्रत्येकाला तो आधी रस्ता ओलांडायला शिकवतो. बातम्या वाचायचे मात्र त्याने सोडलेले नाही. वहिनीच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले. नमुना लागला की ती अजून पायरीवर जाते आणि तिने मान हलवल्याशिवाय कापायचे यंत्र चालत नाही.

आणि तो नवा? तो गेल्या वर्षी माझ्या शेजारी या फळीवर आला. कडेला एक चरा, पाठीवर धूळ. जवळून पाहिला तेव्हा वाटले, याच्यासाठी का मी एवढा जळलो!

मित्रांनो, नव्याची वाट जरूर बघा. येणारा कसा असेल याचे तर्क करण्यात मजा असते, मलाही ती आता कळते. पण तो येईपर्यंत हाताखाली जे आहे त्याची धूळ झटकत जा, आणि त्याच्याकडून आजचे काम आज घ्या. कोणीतरी तापलेले पोर घेऊन रस्त्यात उभे असते.

काल दुपारी बातमीदार मोठ्याने वाचत होता, पुढच्या वर्षी येणाऱ्या मशीनला म्हणे पडदाच नसेल. शेजारून मला जळका वास आला. शेजाऱ्याची वायर तर केव्हाच काढलेली आहे. वास ओळखीचा होता.

मग वहिनी तो म्हातारा ब्रश घेऊन आली आणि तिने आम्हा दोघांना पुसले. आधी त्याला, मग मला.

आधी त्याला!