जमादाराचा जबाब

सारजाबाईचं प्रेत विहिरीतून काढून बाजेवर ठेवलं होतं. जमादार विल्यम पाटोळे यांनी तोंडावरचा पदर बाजूला केला. बाई ओळखीची होती. बावीस दिवसांपूर्वी ती त्यांच्याच चौकीच्या ओट्यावर बसून रडली होती.

साल १९५८. मांडवगणच्या शिवारात, भीमेच्या काठी हौसरावांचा दगडी बंगला होता. सारजाबाई त्यांची विधवा भावजय. निम्मी जमीन तिच्या नावावर होती.

"पाणी शेंदताना तोल गेला वहिनींचा," हौसराव सांगत होते. "आईच्या जागी व्हत्या आम्हाला."

पाटोळ्यांनी विहिरीला फेरी मारली. रहाटाला दोर नव्हता. इंजिनाचं पाणी नळानं थेट स्वयंपाकघरात जात होतं. शेंदायला इथं कुणी येतच नसे. बाईच्या गळ्यावर दोन्ही बाजूंनी काळसर डाग होते. त्यांनी मुकाट्यानं पंचनामा केला आणि प्रेत नावेत घालून नदीपलीकडं दौंडला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, "छातीत पाणी नाही. पाण्यात पडायच्या आधीच मेलीय. गळा दाबलाय कुणीतरी."

पण कुणी? हौसराव म्हणाले, चोर असंल. गडी म्हणाले, आम्ही उसात व्हतो. घरात भांडण? कवाच न्हाई. आठ दिवस पाटोळे घरोघर फिरले. लोक त्यांना चहा पाजत आणि पावसापाण्याचं बोलत. शेवटी फौजदार म्हणाले, "पुरावा नसेल तर कागद बंद करा. उद्यापर्यंत वाट बघतो."

भांडण होतं, हे पाटोळ्यांना पक्कं ठाऊक होतं. चौकीवर आली त्या बाजारच्या दिवशी सारजाबाई म्हणाली होती, "जमादार, दीर कागदावर अंगठा मागतोय. न्हाई दिला तर जित्ती ठेवणार न्हाई म्हणतोय. लिहून घ्या." आणि ते म्हणाले होते, "घरातलं भांडण चौकीवर आणू नका, बाई. जा घरी." डायरीत त्यांनी एक ओळही लिहिली नव्हती.

ते पुन्हा बंगल्यावर गेले. हौसराव मळ्यात होते. स्वयंपाकघरात नकुशी भाकरी थापत होती. बारा वर्षं ती या घरात राबत होती.

"नकुशे, बाई गेली त्या दुपारी तू इथंच होतीस. काय बघितलंस?"

"काय न्हाई."

पाटोळे चुलीपाशी उकिडवे बसले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर ठेवली. "तुझ्या पाया पडतो, बाई. उद्या सगळं बंद होईल. मग तिला कुणी विचारणार नाही."

नकुशीचे हात थांबले. "त्या दिशी बाईसंगं मीच आले व्हते चौकीवर. लिंबाखाली बसले व्हते. तुम्ही तिला हाकललं. वाटंनं ती येकच म्हणत व्हती, आता कुठं जाऊ, नकुशे? आता तुम्ही मला सांगा, जमादार. मी बोलले, तर मी कुठं जाऊ?"

तव्यावरची भाकरी करपून धूर झाला. दोघांपैकी कुणी ती उलटली नाही.

"आधी मी बोलतो," पाटोळे म्हणाले. "मग तू बघ."

फौजदारांनी ऐकलं आणि लेखणी खाली ठेवली. "डोकं फिरलंय का? बाई फिर्याद घेऊन आली आणि तुम्ही घेतली नाही, हे स्वतःच्या तोंडानं सांगताय? पेन्शनला तीन वर्षं राहिलीत."

"लिहा, साहेब."

जबाब देऊन ते दौंडला घरी गेले आणि बायकोला, दयाबाईला, सगळं सांगितलं. ती धान्य निवडत होती, सूप तसंच मांडीवर धरून बसली. "महिना झाला," ती म्हणाली. "रोज जेवताय, रविवारी देवळात प्रार्थनेला येताय. आन् मला आज सांगताय?"

जमादारानं जबाब दिल्याची बातमी रात्रीतच गावात पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी नकुशी चौकीवर आली. काखेत लुगड्यांचं बोचकं होतं. परत जायचं नाही असं ठरवूनच ती निघाली होती. हौसरावानं बाईला वाकळंत गुंडाळून विहिरीकडं नेलं, ते तिनं खिडकीतून पाहिलं होतं. वाकळ तिनंच दाखवली, कडब्याच्या गंजीत खुपसलेली. संध्याकाळच्या आत हौसराव बेड्यांत होता.

पुण्याच्या कोर्टात त्याच्या वकिलानं पाटोळ्यांना विचारलं, "बाईचं बोलणं तुम्हाला खोटं वाटलं, म्हणूनच तुम्ही फिर्याद घेतली नाही. बरोबर?"

हो म्हणाले असते, तर नोकरी कदाचित वाचली असती. खटला मात्र तिथंच ढिला पडला असता. पाटोळ्यांनी कठड्याला घट्ट धरलं.

"नाही. खरं वाटलं होतं."

"मग का नाही लिहिलं?"

"हौसरावांच्या बंगल्यावर माझं जाणंयेणं होतं. जेवणं होती. वाईटपणा नको होता."

मागच्या बाकावरून दयाबाई उठली आणि बाहेर निघून गेली.

हौसरावाला जन्मठेप झाली. त्याच महिन्यात पाटोळ्यांची नोकरी गेली. नकुशीला दयाबाईनंच रेल्वे कॉलनीत दोन घरची कामं मिळवून दिली आणि स्वतःच्या पडवीत जागा दिली. नवऱ्याशी मात्र ती कामापुरतंच बोले. गावाकडचं कुणी भेटायला येई, "जमादार, मोठं काळीज तुमचं," असं म्हणू लागे. पाटोळे ते वाक्य पुरं होऊ देत नसत. चपला शोधायच्या निमित्तानं उठत आणि मागच्या दारानं निघून जात.